कोठीची कडी

आमच्या जुन्या अंगणवाडीला एकच खोली होती, वर टिनाचं छत, आणि खोलीला लागून एक कोठी. कोठीत तांदळाची, मूगडाळीची, मटकीची पोती, तेलाचा डबा, बिघडलेला वजनकाटा आणि पोलिओ मोहिमेचे उरलेले बॅनर. खिडकी नव्हती. दाराला बाहेरून कडी होती आणि कुत्री-उंदरांच्या भीतीनं ती कायम लावलेली असायची.

२००८ च्या हिवाळ्यात त्या कोठीत मी साडेतीन वर्षांच्या एका मुलाला कोंडलं.

पाच मिनिटं असतील, फार तर सात. कापसाची वेचणी ऐन भरात होती. बायका दिवस उजाडताच वावरात जात आणि लेकरं आजीच्या, नाहीतर मोठ्या बहिणीच्या हवाली करून जात. तो मुलगा चावायचा. त्या दिवशी त्यानं एका मुलीच्या गालाचा असा चावा घेतला की दोन दातांच्या खुणांतून रक्त आलं. मुलीची आजी दारात येऊन ओरडत होती. दुपारी पर्यवेक्षिका येणार होत्या आणि माझी दोन रजिस्टरं अपुरी होती. मी त्याला दंडाला धरून उचललं, कोठीत उभं केलं आणि कडी लावली.

आधी तो दार बडवत होता. मग "माय, माय" करत रडला. मग आवाज बंद झाला. मला वाटलं, समजलं त्याला. दार उघडलं तेव्हा तो दोन पोत्यांच्या मधल्या फटीत उभा होता. चड्डी ओली, तोंडात अंगठा. आधी तो अंगठा चोखत नसे.

त्यानंतर तो कुणालाच चावला नाही. पहिलीत जाईपर्यंत नाही. गावात माझं नाव झालं. "मॅडमचा दरारा हाये," असं मुलीच्या आजीनंच चार बायकांत सांगितलं. मलाही ते बरं वाटलं होतं, हे इथे लिहिलंच पाहिजे.

पण तो आधी रोज मुठीत काहीतरी घेऊन यायचा. फुटलेलं बोंड, बाभळीची शेंग, एकदा तर गोगलगायीचा रिकामा शंख. आल्या आल्या माझ्या टेबलावर ठेवायचा आणि मी काय म्हणते ते बघत उभा राहायचा. ते थांबलं. मी जिथे बोट दाखवीन तिथे बसायचा. शू लागली तरी विचारायचा नाही, बसल्या जागी व्हायची, आणि झाल्यावर कोठीच्या दाराकडे बघायचा. वर्षअखेर त्याच्या नावापुढे मी लिहिलं, "वर्तन समाधानकारक."

त्याच्या आईला सांगायला म्हणून एका संध्याकाळी मी घरी गेले. ती नुकतीच वावरातून आली होती, चूल पेटवत होती. मी कोठीचं सांगितलं. ती हसली. "तुमी कोंडलं तं काय झालं मॅडम? मी तं मारतोच त्याले. दिवसभर वाकून वाकून कंबर राहात नाही, घरी आलो का हा मांगून लटकते. मंग देतो एक." असं म्हणून तिनं मला चहा केला. मी माफी मागायला गेले होते आणि ती माझी समजूत काढत होती. तो दाराआड उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. मला आजही वाटतं की त्या दिवशी मी त्याच्या आईशी बोलले, त्याच्याशी नाही. बसून त्याच्याशी बोलायला हवं होतं.

गेल्या महिन्यात शेजारच्या तांड्यावर नव्यानं लागलेली सेविका मला म्हणाली, "ताई, हात उचलायचा नाही म्हणता, मग पंचवीस पोरं आवरायची कशी?" तिला मी बसस्टॉपवर जेवढं सुचलं तेवढं सांगितलं. बस आली आणि अर्धं राहिलं. ते राहिलेलं इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट अशी, की आपण मारत नाही एवढ्यावर समाधान मानू नये. मी मारणारी बाई कधीच नव्हते. तुराटीची काडी माझ्या टेबलावर असायची, ती फक्त आपटायला. पण कोंडलं मी. आणि त्याहून सर्रास चालायचं ते वेगळंच. "गप्प बस, नाहीतर सिस्टरला सांगीन, सुई टोचेल." हे वाक्य मी किती वेळा वापरलं असेल त्याला गणती नाही. लसीकरणाचं सत्र आमच्याच खोलीत व्हायचं. पाच वर्षांच्या मुलांचा बूस्टर डोस असायचा. एका सत्राला सिस्टरची स्कूटी दिसताच चार मुलं मागच्या बाजूनं पळाली. त्यातली एक मुलगी तुरीच्या वावरात जाऊन बसली. तूर पुरुषभर वाढलेली, हाक मारली तरी ओ देईना. दोन तास आम्ही शोधत होतो, आणि त्याच वावराच्या धुऱ्यावर विहीर होती, कठडा नसलेली. सिस्टर बिचारी लेकराला आजारापासून वाचवायला आली होती. तिला भूत मी केलं होतं. तेव्हापासून आमच्या खोलीत सुई, पोलीस, बुवा, यातलं कुणाचंच नाव धाक म्हणून निघत नाही. कुणी आजोबा दारातून "पोलीस येते हा" म्हणाले तरी मी मुलांसमोरच सांगते, "नाही येत, आजोबा चेष्टा करतात."

दुसरं म्हणजे ताट. "मस्ती केली तर खिचडी नाही." तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ठरावीक कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत असा पूरक आहाराचा नियम आहे. ज्या लेकराच्या वजनाची रेघ खाली घसरली म्हणून मी घरोघर फिरते, त्याचंच ताट मी शिक्षा म्हणून उशिरा वाढते, हे मला एके दिवशी वजनाच्या नोंदी भरताना उमगलं. ती खिचडी माझी नाही. माझ्या हातून जाते एवढंच.

आणि नावं ठेवणं. काळू, ढोल्या, शेंबड्या, मुत्र्या. आपण प्रेमानं म्हणतो म्हणे. डावखुऱ्या मुलाच्या डाव्या हातावर जेवताना चापट मारणं हेही त्यातलंच. आमच्याकडे एक आजी स्वतः येऊन बसायची, नातवाचा डावा हात चड्डीच्या नाडीला बांधा म्हणून. तो उजव्या हातानं सांडायचा आणि सांडलं म्हणून परत बोलणी खायचा. त्या आजीला पटवायला मला वर्ष लागलं.

तांड्यावरून येणाऱ्या मुलांचं तर मला फार उशिरा कळलं. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं तीन वर्षांचं लेकरू. त्याला मी मराठीत "रांगेत उभा राहा, हात मागे घे" म्हणायची, ते बघत राहायचं, आणि मी वहीत लिहायची, "सूचना पाळत नाही." त्याला शब्दच माहीत नव्हते. ते दिवसभर "याडी, याडी" म्हणत आईला हाक मारायचं आणि माझ्या कानाला ती निव्वळ कुरकुर वाटायची. मग तांड्यावरच्या एका आजीकडून मी रोजच्या लागणीचे पंधरा-वीस शब्द शिकून घेतले, ये, बस, भूक, शू, दुखतंय का, असले. आठ दिवसांत ते लेकरू "ऐकायला" लागलं. मधल्या सहा महिन्यांत त्यानं माझा किती राग सोसला होता!

अंगणवाडी हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातलं अंगण दिसेनासं झालं आहे. बालशिक्षणात आयुष्य घालवणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही काळ आमच्या अमरावतीत होत्या, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. १९२० साली सुरू झालेल्या त्या बालमंदिरात शिक्षा नव्हती आणि बक्षीसही नव्हतं. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम उभं केलं, नंतर ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी पाड्यातली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बाया बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. मुलगा येत नाही, बसत नाही, तर आपली जागा बदलून पाहावी, हा विचार त्या शब्दातच आहे. अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तोवर तो विचार तीस वर्षांचा झाला होता. मला कामाला लागल्यावर पहिली काही वर्षं रजिस्टरं कशी भरायची हे बारकाईनं शिकवलं गेलं. हे कुणी सांगितलं असतं तर कोठीचं दार कदाचित उघडं राहिलं असतं.

कायद्याचंही सांगते, कारण आई-बापांना वाटतं की लहान मुलांना शिक्षा करायला मुभा आहे. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे, पण तो कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांचा. आमची मुलं सहाच्या आतली. मात्र २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ प्रत्येक मुलाला लागू आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं त्याला मारहाण केली, टाकून दिलं, त्याच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं आणि त्यातून मुलाला शरीराचा किंवा मनाचा विनाकारण त्रास होण्यासारखा असेल, तर तो गुन्हा आहे. मूल सांभाळण्याचं काम सोपवलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्यानं केलं तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत. हे माहीत असावं. पण वेचणीच्या दिवसांत, सकाळी अकरा वाजता, खोलीत आपण आणि पंचवीस लेकरं असतो, तिथे कायदा नसतो. तिथे आपली सवय असते.

माझी सवय बदलली ती आमच्या मावशींमुळे. मावशी म्हणजे आमची मदतनीस. चौथी शिकलेली, सात नातवंडांची आजी. कोठीच्या त्या प्रसंगानंतर चार-पाच वर्षांनी आणखी एक चावरा मुलगा आला. मी घाबरले, कारण मला स्वतःचीच भीती होती. मावशी म्हणाल्या, "बाई, ते केव्हा चावते पाहा ना." मी रोजनिशीच्या मागच्या पानावर वेळ लिहायला लागले. अकरा वीस. अकरा पस्तीस. अकरा पंचवीस. दोन आठवड्यांत नऊ वेळा, त्यातल्या आठ साडेअकराच्या आगेमागे. सकाळच्या नाश्त्याला तो कधी नसायचाच, कारण बहीण त्याला शाळेच्या मधल्या सुटीत आणून सोडायची. आई पहाटे कोरा चहा पाजून वावरात गेलेली. म्हणजे रात्रीच्या भाकरीनंतर त्या पोटात काही पडलेलं नसायचं आणि समोर खिचडीचा वास सुटलेला असायचा. मावशींनी त्याच्या वाटचे भिजवलेले चणे झाकून ठेवायला सुरुवात केली. तो आला की आधी वाटी. चावणं एकदम थांबलं नाही. पण आठवड्यातून एकदावर आलं. त्या एका वेळी मी जवळ बसून त्याचा हात धरायची आणि म्हणायची, "चावलं की दुखतं. मी चावू देणार नाही." मग दोघं मिळून त्या दुसऱ्या लेकराच्या हाताला ओलं फडकं लावायचो. हे फडकं लावणं तो फार मन लावून करायचा.

आधीच्या मुलाचीही वेळ मी लिहिली असती तर? तोही वेचणीच्या दिवसांतलाच होता. हा प्रश्न मला सोडत नाही.

मुलांना मोकाट सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. विहिरीकडे पळणाऱ्या मुलाला मी ओरडून थांबवते, दंड धरून मागे ओढते, आणि त्याची मला जराही खंत नाही. दगड उचललेला हात मी धरते. धरणं आणि मारणं यांतला फरक तीन वर्षांच्या मुलाला आपल्यापेक्षा चांगला कळतो. शिवाय धरलं की लगेच सोडता येतं. सांडलं तर ज्यानं सांडलं त्यानंच पुसायचं, सोबत मी. ढकललं तर पडलेल्याला उठवायला त्यानंच हात द्यायचा. जे करायचं ते त्याच मिनिटाला. दुपारच्या चुकीसाठी संध्याकाळी आईकडे चुगली केली आणि आईनं रात्री धपाटा घातला, तर लेकराला वाटतं की मार भाकरी खाल्ल्याबद्दल पडला. आणि "पळू नको" म्हणण्यापेक्षा "चालत ये" म्हणावं, कारण लहान मुलाच्या कानात "पळू" तेवढं शिरतं. मोठ्यांनाही स्वतःला आवरणं जमत नाही, आणि हा आवर घालणारा मेंदूचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो म्हणतात. साडेतीन वर्षांच्या लेकरानं तो कुठून आणायचा? त्याच्या वाटचा आवर काही वर्षं आपणच घालायचा असतो.

बक्षिसाचंही मी हळूहळू कमी केलं. गप्प बसणाऱ्याला चॉकलेट दिलं की बाकीचे चॉकलेटकडे बघत गप्प बसतात, आणि चॉकलेट संपलं की गप्प बसणंही संपतं. आता मोबाइलचं तसंच झालं आहे. लेकरू शांत आहे म्हणजे ठीक आहे, असं घरोघरी मानतात. मला शांत लेकराकडे दोनदा बघायची सवय लागली आहे. पोत्यांच्या फटीत उभं असलेलं लेकरूही शांतच होतं.

एका पालकसभेत मी हे बोलत होते तेव्हा एक बाप उठला. "मॅडम, आमी मार खाल्ला म्हणून तं सुधरलो. नाही मारावं तं मंग पूजा करावं काय पोट्ट्याची?" सगळे हसले. मी विचारलं, "दादा, सगळ्यात मोठा मार कोणता आठवते?" त्यांना आठवला. निर्गुडीची फोक होती, बाप बैलगाडीतून उतरलाच होता, काकू वट्ट्यावर उभी राहून बघत होती, कुणी सोडवायला आलं नाही. मी विचारलं, "कायले मारलं होतं?" ते बराच वेळ उभे राहिले. "ते काही आता आठवत नाही बाप्पा," म्हणाले, आणि खाली बसले. त्यांचं लेकरू अजून आमच्याकडे येतं. ते आता मारत नाहीत की मला दिसेल असं मारत नाहीत, हे मला ठाऊक नाही. पण परवा सोडायला आले तेव्हा दारातच उकिडवे बसून त्याच्याशी काहीतरी बोलत होते.

हे सगळं लिहिताना त्या नव्या सेविकेला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. आपला हात उठतो तेव्हा शंभरातल्या ऐंशी वेळा कारण मूल नसतंच. २०२१ पासून पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवर नोंद करायची आहे, नेटवर्क नाही, गरोदर बाईच्या घरी जायचं राहिलं आहे, मानधन आलेलं नाही, टिनं तापली आहेत. चंद्रपूर-यवतमाळच्या उन्हाळ्यात तापलेल्या टिनाखाली मूल चिडचिडं होतं आणि आपणही. तेव्हा खोलीतून दोन पावलं बाहेर जावं. मावशींना सांगावं की आता तुम्ही बघा. यात कमीपणा नाही. बाई दमलेली आहे हे मान्य करणारी अंगणवाडी मुलांना सुरक्षित असते. आणि ज्या गावांत वेचणीच्या हंगामात आई पाच वाजेपर्यंत वावरात असते तिथे अंगणवाडी दुपारी बंद झाल्यावर लेकरू जातं कुठे, हे कुणीतरी सरकारला विचारत राहिलं पाहिजे. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची योजना कागदावर आहे, आमच्या गावापर्यंत आलेली नाही. दर हंगामात चार-पाच लेकरं माझ्या घरच्या ओसरीवर झोपतात. त्यांच्या आया संध्याकाळी कपाशीचा वास घेऊन येतात आणि झोपलेलं लेकरू तसंच खांद्यावर टाकून नेतात.

आता अंगणवाडीची इमारत नवी आहे. कोठीला खिडकी आहे. मी मिस्त्रीला सांगून बाहेरची कडी काढून घेतली आणि वर, माझ्याही टाचा उंचवाव्या लागतील अशा जागी, लहानसा आकडा लावून घेतला.

आणि तरीही काल. काल एका मुलानं तिसऱ्यांदा पाण्याच्या ड्रमचा नळ सोडला. सतरंजी भिजली, नुकती लिहिलेली हजेरी भिजली, फोन वाजत होता. माझा हात वर गेला. खरोखर वर गेला, त्यानंही पाहिला आणि डोळे मिटले. मी तो हात ड्रमवर ठेवला आणि तसाच धरून उभी राहिले, किती वेळ कोण जाणे. मग खाली बसले. त्यानं एक डोळा उघडला. मी म्हटलं, "मला राग आला होता. आता फडकं आण." तो कोठीत गेला, फडकं घेऊन आला, आणि आम्ही दोघं पाणी दाराकडे लोटत राहिलो. तो पुसण्यापेक्षा पसरवत जास्त होता.